शाळेची चतुःसीमा

गठ्ठ्याची गाठ बोटांना दाद देईना, तेव्हा भगवंतरावांनी ती दातांनी सोडवली. लाल कापडाचा रंग कधीच उडून गेला होता. कापड उलगडलं तशी धूळ उडाली आणि टेबलापलीकडे बसलेल्या प्रतिमाताईंनी पदर नाकाला लावला.

"सावकाश पाहा काका, घाई नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावच्या शाळेचं आमच्याकडे जे काही आहे, ते एवढंच. माहितीच्या अधिकारात अर्ज आला म्हणून मी स्वतः कपाटं उपसली. बुलडाण्यालाही विचारून पाहिलं."

जळगाव जामोदच्या पंचायत समितीतला तो शिक्षण विभाग. पंखा फिरत होता, पण कागद उडतील म्हणून प्रतिमाताईंनी उठून तो बंद केला. भगवंतरावांनी चष्मा पुसला आणि एकेक कागद उचलून डोळ्यांजवळ धरू लागले.

सातपुड्याच्या पायथ्याशी पळसटेक नावाचं त्यांचं गाव. गावची शाळा दोन खोल्यांची, रस्त्याला लागून. एका खोलीचं छत खाली आलं होतं आणि नवीन खोली मंजूर झाली होती. पण वरून विचारणा आली की जागा कोणाच्या मालकीची, कागद जोडा. कागद नसेल तर बांधकाम नाही, आणि बांधकाम नाही तर पुढच्या वर्षी मुलं नाल्यापलीकडच्या मोठ्या गावातल्या शाळेत जोडून द्यायची. मुख्याध्यापिका रुपाली मॅडम हे सांगायला भगवंतरावांच्या ओसरीवर आल्या, तेव्हा भगवंतराव हसले होते.

"जागा आमच्या बाबानं देली. साऱ्या गावाले माहीत हाय."

"गावाला माहीत आहे आबा," रुपाली मॅडम म्हणाल्या होत्या. "ऑफिसला नाही."

हे बोलणं चाललं होतं तेव्हा त्यांचा मुलगा कुलदीप दारात उभा होता. मॅडम गेल्यावर तो बापाशेजारी येऊन बसला. सातबाऱ्यावर ती जागा अजून आपल्याच नावावर आहे, हे त्याने तलाठ्याकडे केव्हाच पाहून ठेवलं होतं. ठिबकच्या नळ्या, बियाणं, औषधं, असं दुकान टाकायचं त्याच्या मनात किती दिवसांपासून होतं, आणि त्यांच्या सगळ्या वावरात रस्त्याला लागलेली बाजू तेवढीच होती. पण कुलदीप आडदांड नव्हता. त्यानेच अर्ज लिहिला, स्वच्छ अक्षरात, आणि बापाची सही घेताना म्हणाला, "आबा, आजोबानं कागद करून देला असंन तं मी पुन्हा नाव काढत नाही. पन नसंन, तं मंग तुम्ही मले आडवू नका."

"नाही आडवत," भगवंतराव म्हणाले होते. कागद असणारच, याची त्यांना इतकी खात्री होती.

गठ्ठ्यात हजेरीचे तक्ते होते, कडा उंदरांनी कुरतडलेले. तपासणीला येणाऱ्या साहेबांचे शेरे होते. एका शेऱ्याशी ते थांबले. 'मुलांनी स्वागतगीत बरे म्हटले. खिडक्यांना दारे नाहीत, ती तातडीने बसवावी.' भगवंतरावांच्या मिशीखाली हसू आलं. दारं शेवटपर्यंत बसली नव्हती. थंडीत तायडे मास्तर खिडक्यांत कुटाराची, म्हणजे भुसकटाची पोती उभी करायचे, आणि सगळा वर्ग दिवसभर शिंकायचा. ते स्वागतगीतही त्यांना आठवलं. पहिली ओळ आठवली, दुसरी ओठांवर येऊन राहिली. समोर कचेरी आहे, बाई बसल्या आहेत, हे विसरून त्यांनी बोटांनी टेबलावर ताल धरला.

प्रतिमाताईंनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

बऱ्याच वेळाने तो कागद हाती आला. शाळा-इमारतींची माहिती, छापील रकाने, आत तायडे मास्तरांचं टपोरं अक्षर. 'इमारत: गावकऱ्यांनी श्रमदानाने बांधली.' त्याखाली, 'जागेची मालकी', आणि त्यापुढे एक आडवी रेघ.

"हे काय लिवलं, पाहा बरं," भगवंतरावांनी कागद पुढे केला.

"काही लिहिलेलं नाही काका. रेघ मारलीय."

"त्याइले तं माहीत होतं. मास्तरच्या म्होरंच देली जागा."

"माहीत असेल. पण मला उत्तरात कागद आढळला नाही, एवढंच लिहिता येईल." प्रतिमाताईंनी कागद परत गठ्ठ्यावर ठेवला. "तुमच्या घरी काही नाही का? जुनी चिठ्ठी, पावती?"

"घरी बाबाचा फोटू बी नाही," भगवंतराव म्हणाले.

परतीच्या गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. कपाशी वेचून झालेली वावरं मागे पडत होती, आणि त्यांना बाप दिसत होता, सुपडाजी. डोक्याला मळकं फडकं, हातात वखराची रुमणी. तेव्हा शाळा मारुतीच्या पारावर भरायची. शेळ्या यायच्या, कोणी नारळ फोडायला आलं की धडा थांबायचा. एके दिवशी तायडे मास्तर सायकल हातात धरून वावराच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, सुपडाजी, पोरांना बसायला जागा नाही. बापाने बैल वळवले, वखराची लोखंडी पास जमिनीत दाबली आणि रस्त्याच्या कडेने मातीत एक लांब चर काढला. मग दुसरा, आडवा. चौकोन पुरा झाल्यावर बैल थांबवून म्हणाला, हे घ्या मास्तर, एवढं तुमचं. लहानगे भगवंतराव तेव्हा बांधावर बसून बोरं खात होते. एवढ्या वर्षांत ती गोष्ट त्यांनी कितीदा सांगितली असेल, शाळेच्या झेंडावंदनाला, लग्नांच्या मांडवात, कुलदीपला लहानपणी मांडीवर घेऊन.

घरी कुलदीपने उत्तराचा कागद वाचला. 'सदर जागेबाबत कोणताही दस्तऐवज या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.' त्याने तो पुन्हा वाचला, घडी घातली आणि बापाच्या हातात परत दिला. आनंद झाला असेल तर तो त्याने दाखवला नाही.

"आता?" भगवंतरावांनी विचारलं.

"आता आत्याले आनावं लागंन. सातबाऱ्यावर तिचं बी नाव हाय. तिनं हक्क सोडला म्हंजे मले बँकेत जाता येते." मग तो म्हणाला, "तुमाले वाईट वाटून राह्यलं, हे समजते मले. पन दहा-बारा पोट्टे राह्यले शाळेत, आबा. ते बी नाल्यापल्याड जातीन."

"उन्हाळ्यात जातीन. पावसाळ्यात नाला कोन पार करून देईन त्याइले?"

कुलदीप उठून आत गेला. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही उठलो असतो, असं भगवंतरावांना वाटलं. शब्द दिला होता, तो त्यांनीच.

सोजराबाई त्यांची थोरली बहीण, हिवरा आश्रम नावाच्या गावी दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा-सून चांगली होती, आणि ती स्वतः आश्रमातल्या स्वयंपाकाला भाजी निवडायला जायची. आजवर माहेरचं बोलावणं तिने कधी परत पाठवलं नव्हतं आणि माहेराकडे कधी काही मागितलंही नव्हतं. भगवंतराव तिला घ्यायला स्वतः गेले. खामगावला गाडी बदलून दोघं निघाली तेव्हा तिच्या मांडीवरच्या पिशवीत भाच्यासाठी शेवया होत्या.

"कायचा कागद हाय रे भगवंता?"

"वावराचा. तुह्या सहीचा."

"सही कुठली. आंगठा म्हन."

"हाव, आंगठा." काही वेळाने ते म्हणाले, "शाळेच्या जागेवर कुलदीप दुकान टाकून राह्यला, बाई. कागद नाही निंगाला कचेरीत."

सोजराबाई फक्त "हं" म्हणाली आणि बाहेर पाहू लागली. गाडीने बरंच अंतर कापलं. झोपली असावी म्हणून त्यांनी वाकून पाहिलं, तर डोळे उघडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलदीप कागदपत्रं घेऊन पुढे गेला. तुम्ही रिक्षानं या, असं सांगून गेला. रिक्षा गावाबाहेर पडताना शाळेपाशी आली तेव्हा भगवंतरावांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब बे जरासा," म्हणाले. का थांबवली ते त्यांना सांगता आलं नसतं. बहिणीकडे न पाहताच ते खाली उतरले.

प्रार्थना होऊन मुलं वर्गात बसली होती. रुपाली मॅडमनी खुर्ची पुढे केली, पण सोजराबाई बसली नाही. वर्गात डोकावलीही नाही. तिने पदर खोचला आणि भिंतीला हात लावत लावत ती मागच्या बाजूला गेली, जिथे गिलावा पडून आतल्या विटा उघड्या पडल्या होत्या. त्यातल्या एकीवर तिने तळवा टेकवला.

"हे आमची वीट," ती म्हणाली.

"आजी, तुम्ही या शाळेत होतात?" मॅडमनी विचारलं.

"बांधाले होतो. मी, अंबू अन् महामाया." तिचा हात तसाच विटेवर होता. "आमच्या उंचीचा खड्डा होता इथं, गाऱ्याचा. आमी तिघी त्याच्यात नाचू. कुटार टाकाचं अन् नाचाचं, कुटार टाकाचं अन् नाचाचं. अंबू पडली की महामाया पडे, मंग मी. बाबा वरून वरडे, कामाले आल्या का तमाशाले. इतक्या हासू आमी, का मास्तरची बायको घरातून पाहाले ये. तिनं आमचे केस धुवून देले होते एकडाव. गारा सुकून नुसते दगड झाले होते केसाचे."

भगवंतराव बहिणीकडे पाहत राहिले. या खड्ड्याबद्दल त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या गोष्टीत बाप होता, मास्तर होते, बैल होते, आणि मग एकदम शाळा उभी असायची. मधल्या भिंती कोणी रचल्या, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"मग शाळा सुरू झाल्यावर तुम्हीही बसायचात का?" रुपाली मॅडमनी हळूच विचारलं.

"नाही व माय. तवा घरी लेकरू झालतं मायले, पुढं जगलं नाही ते. पन तवा ते कोनं सांभाळाचं?" सोजराबाईने हे असं सांगितलं की त्यात कुठे दुखणं नव्हतं. "मले शिकाची हौस नव्हती काई. बांधाची होती. अंबू तं पयल्या बाळंतपनातच गेली. महामायेले सुरतेकडे देली, मंग पत्ता नाही. आता हे भितच राह्यली तिघीची."

आतून मुलांचा पाढ्यांचा आवाज येत होता, नेहमीसारखाच, शेवटच्या अंकाला उंच चढणारा. सोजराबाई तो थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग पदर सोडून म्हणाली, "चाल. पोरगा वाट पाहत असंन."

जळगावला दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोर दस्तलेखकांच्या टपऱ्या होत्या. त्यांतल्या एकात रमाकांत दस्तलेखक कॉम्प्युटर मांडून बसला होता, आणि त्याच्यासमोर बाकावर कुलदीप. दस्त तयार होता. वयस्क बायकांना वाचून दाखवायची रमाकांतची रीत होती; घाईघाईने का होईना, तो वाचून दाखवायचाच.

"आजी, म्हणजे असं की वडिलांच्या जमिनीतला तुमचा सगळा हक्क तुम्ही भावासाठी राजीखुशीने सोडत आहात. बरोबर?"

"सारा?" सोजराबाईने विचारलं.

"हो, सगळा."

"सारा नाही," ती म्हणाली. "बाकी वावर याचं. शाळा हाय तेवढी जागा माह्या वाटनीची. ते मी सोडत नाही."

रमाकांतने कुलदीपकडे पाहिलं, कुलदीपने बापाकडे.

"आबा, तुम्ही सांगतलं आत्याले?"

"नाही," भगवंतराव म्हणाले. ते खरं होतं. पण रिक्षा त्यांनीच थांबवली होती, म्हणून त्यांना मुलाच्या डोळ्यांत पाहता येईना. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"आत्या," कुलदीप सावकाश म्हणाला, "काय करशीन त्या जागेचं तू? तू हिवऱ्याले राह्यतं."

"काई नाही करत. शाळेले देऊन टाकतो. कागदासकट. म्हंजे त्या मॅडमले कोनी इचारनार नाही." तिने भाच्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुह्या दुकानाचं नुसकान होते, मले समजते बाप्पा. तू आजोबाचा शब्द मोडून नाही राह्यला, तुनं तं कागद मागूनच पाह्यला. पन ते भित मी रचली. जागा बाबाची असंन, भित माही हाय. ते पाडासाठी आंगठा नाही देत मी. दुसऱ्या कोन्या कागदावर म्हनशीन तिथं देतो."

कुलदीप उठून बाहेर गेला. रस्त्यापलीकडे उभा राहून त्याने बराच वेळ खिशात हात घालून एका बंद दुकानाच्या शटरकडे पाहिलं. भगवंतरावांना वाटलं, आता हा गाडीला किक मारेल आणि निघून जाईल. गेला असता तरी त्यांनी त्याला दोष दिला नसता. रमाकांतने दस्त बाजूला सारला, आणि दुसरं गिऱ्हाईक आत डोकावलं, त्याला त्याने हातानेच थांबवलं.

कुलदीप परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, पण आवाज नेहमीचाच होता.

"मंग हक्कसोड नाही होत, भाऊ?"

"नाही. वाटणीपत्र करावं लागेल. शाळेचा तुकडा आत्याबाईंच्या नावे, बाकी वडिलांच्या. पुढे त्यांना बक्षीसपत्र करता येईल."

"करा," कुलदीप म्हणाला आणि बाकावर बसला. मग आत्याकडे न पाहता, "शेवया कायच्या करून आनल्या वं आत्या? गव्हाच्या?"

"गव्हाच्याच," सोजराबाई म्हणाली.

रमाकांतने नवीन पान उघडलं. "शाळेच्या तुकड्याची चतुःसीमा सांगा. पूर्वेस काय?"

"सायरीचं झाड," सोजराबाईने लगेच सांगितलं. "लाल फुलाचं."

"बाई, ते झाड पडलं," भगवंतराव म्हणाले. "आता तिथं पान्याची टाकी हाय."

"टाकी लिहितो. पश्चिमेस?"

"गाडरस्ता. बैलगाड्याचा."

"डांबरी रस्ता," भगवंतराव म्हणाले. "मोठा झाला आता."

"उत्तरेस?"

"अंबूच्या बापाच्या वावराची मेर."

भगवंतरावांनी बोटांवर मालक मोजले. अंबूच्या बापाचं वावर त्यांच्या हयातीतच हातोहात फिरत गेलं होतं. आता कोणाच्या नावावर आहे ते त्यांनी सांगितलं, आणि रमाकांतने टाइप केलं. सोजराबाई ऐकत होती. ती सांगत गेली ते गाव आणि भाऊ दुरुस्त करत गेला ते गाव, दोन्ही तिला सारखीच ठाऊक असल्यासारखी मान हलवत होती.

"आणि दक्षिणेस?"

"दक्षिनेले आपलंच वावर," ती म्हणाली.

रमाकांतची बोटं थांबली. "आपलं म्हणजे कोणाचं, आजी? आता वाटणी होतेय. नाव लागेल."

सोजराबाईने भावाकडे पाहिलं. आपलं हा शब्द आता चालणार नाही, हे तिला उमगायला थोडा वेळ लागला. भगवंतरावांनी तोंड उघडलं, पण नाव सांगायचं होतं ते तिलाच, म्हणून ते थांबले.

"भगवंत सुपडाजीचं," ती म्हणाली. आणि मग, हे कुठे लिहायचं नसतं हे माहीत नसल्यासारखं, "भाऊ हाय माहा. लहाना."